खाटेच्या पायथ्याची पाटी

ता. ३ फेब्रुवारी १९४७, सोमवार

आज रुपचंदला झोपेतून उठवलं.

सकाळी साडेसहाच्या गाडीने आला. चार दिवसांची रजा मिळाली म्हणाला. चेहरा ओळखायला मला क्षणभर लागला — पोटचा मुलगा! गालफडं वर आलेली, डोळे लाल, कंपनीची निळी टोपी काखेत चुरगळलेली. पाचोऱ्याचे हमाल विमानवाला आला म्हणून सलाम करत होते. त्याचं लक्षच नव्हतं. घरी येऊन जेवायला बसला. दुसरा घास तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. बसल्या बसल्या झोपला. त्याच्या आईने बोटांतून भाकरीचा तुकडा सोडवून घेतला. आम्ही दोघांनी धरून खाटेवर निजवला. बूट मी काढले.

दहा वाजता तार. मला इंग्रजी येत नाही, म्हणून स्टेशनमास्तरांकडे नेली. रजा रद्द, उद्या पहाटे चारला विमानतळावर हजर व्हावे. मास्तर म्हणाले, "नाना, साडेअकराची गाडी धरली तर नीट पोचेल पोरगा."

घरी आलो. खाटेजवळ उभा राहिलो. झोपून तीन तास झाले होते. त्याची आई चुलीपासून म्हणाली, "झोपू द्या त्याले. त्याना डोया देखा. माणूस शे का भूत?"

मी म्हणालो, कायम व्हायला दोनच महिने उरलेत.

खांद्याला हात लावला. उठला नाही. हलवलं. उठला नाही. मग तोंडावर पाणी मारलं.

उठला. कोणाकडे न बघता बूट शोधू लागला.


ता. ४

पोचल्याचं काही कळलं नाही. कळणारही नाही. तारेला पैसे पडतात.


ता. ६ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर एकच गोष्ट डोक्यात आहे, म्हणून लिहून टाकतो.

बावीस वर्षं मी इथल्या रनिंग रूमचा रखवालदार आहे. मालगाड्यांचे ड्रायव्हर, फायरमन, गार्ड गाडी सोडून येतात आणि पुढच्या गाडीपर्यंत इथे निजतात. आठ खाटा. प्रत्येक खाटेच्या पायथ्याला खिळ्यावर एक पाटी. माणूस आला की बुकात सही करतो आणि किती वाजेपर्यंत निजणार तो तास पाटीवर खडूने लिहितो. त्या तासाच्या आधी त्याला कोणी उठवायचं नाही. मीही नाही. ही रीत मीच पाडली. माझ्या आधीचा माणूस बाहेरून हाका मारायचा. एक हाक आणि आठही जण जागे!

एकतीस साली एक मोठे साहेब आले होते. अमक्या ड्रायव्हरला आत्ता उठव म्हणून ओरडले. मी पाटीकडे बोट केलं. चाळीस मिनिटं बाकी होती. साहेब बाहेर बाकावर बसले. चाळीस मिनिटं सिगारेट ओढत बसले! पुढच्या आठवड्यात त्यांनी दोन नव्या पाट्या पाठवल्या. त्या अजून आहेत, तीन आणि सात नंबरच्या खाटेला.

बावीस वर्षांत वेळेआधी एकही माणूस उठवला नाही. आणि आपलं पोर तीन तासांत उठवलं. पाणी मारून.

का उठवलं, ते शोधतो आहे. घरात पाटी नव्हती. एवढंच सापडतं.


ता. १० फेब्रुवारी, सोमवार

झुलाल ड्रायव्हर आज मुक्कामाला होता. नेहमीसारखा बुकात सही करता करता सुरू झाला. "नाना, तुमना पोऱ्या भाग्यवान शे. आभायमा सिग्नल नही, फाटक नही, म्हैस बी आडवी येत नही! मंग त्याले पगार कसाना देतस?"

बाकीचे हसले. मीही हसलो असेन.

पगार कशाचा ते मी कोणाला सांगितलेलं नाही. लोकांना वाटतं हजार-दोन हजार. गावी, यावलकडे, चुलतभाऊ वना विचारत असतो, "आज आभायमा इमान गयं. आपलाच पोऱ्या व्हता ना?" मी कधी नाही म्हटलं नाही.

संध्याकाळी रुपचंदची जुनी पत्रं काढली. लढाईत सरकारी विमानं चालवली, सुटून आला, आणि गेल्या ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला या नव्या कंपनीत लागला. जाहिरातीत पाचशे होते. हातात दोनशे पंच्याहत्तर. पहिले सहा महिने उमेदवारी, मग कायम, मग पाचशे. दोनशे पंच्याहत्तरांतून कपड्यांचे कापतात, टोपीचेही. राहायची सोय ज्याची त्याने. अंधेरीला चौघांत एक खोली आहे आणि खाटा दोन. "चार लागतच नाहीत नाना, दोघं नेहमी वर असतात."

साठ तासांच्या वर उडलं तर भत्ता. पण तास मोजायचा तो चाक जमीन सोडतं तिथपासून चाक टेकेपर्यंत. पहाटे तीनला जाऊन धुकं उठेपर्यंत नऊ वाजवले, तर ते सहा तास कुठेच नाहीत. आणि एका माणसाला महिन्यात अमुक तासांवर उडवू नये असा नियम आहे म्हणे. म्हणून वरचे तास पुढच्या महिन्याच्या पानावर लिहायचे. जानेवारीचे फेब्रुवारीत, फेब्रुवारीचे मार्चमध्ये. कोणी कुरकूर केली तर वरचा माणूस खिडकीबाहेर बोट दाखवतो. तिथे बाकावर लढाईतून सुटलेली पोरं बसलेली असतात. प्रत्येकाच्या खिशात परवाना.

डिसेंबरातल्या पत्रात शेवटी होतं — "इथे तुमच्यासारखी पाटी नाही, नाना. एकदा साहेबाला नाही म्हणून बघावं का? तुम्ही सांगाल तसं."

ते पाटीचं वाक्य मी रनिंग रूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं होतं. अभिमानाने! आणि उत्तर लिहिलं होतं की साहेबाला नाही म्हणू नकोस, आधी कायम हो, मग बोल. त्या दिवशी अक्षर चांगलं आलं होतं. दोनदा वाचून मग पाकीट बंद केलं.


ता. १३

पत्र नाही.


ता. १६ फेब्रुवारी, रविवार. धुळे

सकाळच्या गाडीने चाळीसगावमार्गे धुळ्याला आलो. मोतीलाल पाटलांकडे. कोर्टात कारकून आहेत. त्यांच्या पुष्पाचं आणि रुपचंदचं दिवाळीपासून बोलणं चाललंय. मुलगी चांगली आहे, सातवी झालेली. चहा ठेवून आत गेली.

मोतीलाल फार हिशेबी बोलतात. "तोताराम नाना, राग मानू नका. तुमच्या रेल्वेत फंड आहे. विमानात फंड आहे का?"

मी म्हणालो, कायम झाल्यावर असेल.

"आणि उमेदवारीत माणसाचा पाय मोडला तर?"

माहीत नाही म्हणालो.

"वर गेलेला माणूस रोज खाली येतो ना पण?" असं म्हणून स्वतःच हसले. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "थट्टा केली. कायम झाल्याचा कागद दाखवा. दुसऱ्या दिवशी साखरपुडा. माझा शब्द."

परतीच्या गाडीत समोर एक म्हातारा सुपारी कातरत होता. अर्धी मला दिली. चाळीसगाव येईपर्यंत ती मुठीतच राहिली.


ता. १९

पत्र नाही. शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "आलं तर आणणार नाही का नाना?" रोज विचारतो म्हणून वैतागला असेल.


ता. २२ फेब्रुवारी, शनिवार

पत्र आलं.

दोन पानं. वाचून झाल्यावर घडी घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं. त्याच्या आईने विचारलं, "काय लिखं शे?" मी म्हणालो, बरा आहे. तिने पाटावर बसून दोन्ही हात जोडले.

शेवटच्या ओळीत त्याने लिहिलंय, कोणाला सांगू नका आणि कुठे लिहू नका. मी लिहितो आहे. न लिहून चालायचं नाही.

इथून गेला तो त्या रात्री साडेआठला पोचला. जेवून पडला तर झोप लागेना. पहाटे चारला हजर. दिल्लीला जाऊन त्याच दिवशी परत. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिल्ली. त्याच्या शेजारी मोठा पायलट होता, तोही आदल्या तीन दिवसांचा जागा. वर गेल्यावर यंत्र लावून ठेवलं की विमान आपोआप सरळ जात राहतं. मोठा म्हणाला, "तू बघ, मी पाच मिनिटं डोळे मिटतो."

पुढचं त्याच्याच शब्दांत उतरवतो.

"नाना, मी पण झोपलो. कधी ते माहीत नाही. आम्ही दोघंही झोपलो होतो. जाग आली तेव्हा उन्हाची तिरीप दुसऱ्या बाजूला गेली होती. नर्मदा खाली यायला हवी होती, ती मागे पडून पंचवीस मिनिटं झाली होती. मागे एकवीस माणसं. मी दार उघडून बघितलं. एक बाई लोकर विणत होती. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. मी पण हलवली. मोठ्या साहेबांनी बुकात काही लिहिलं नाही. मलाही लिहू नको म्हणाले. जाग कशी आली ते सांगू? खांद्याला हात लागल्यासारखं झालं. तुम्ही त्या दिवशी लावला होतात तसा. मला वाटलं, घरी आहे आणि तुम्ही उठवताय."

ती तारीख पाच होती. मी त्याला उठवलं ती तीन.


ता. २३

काही नाही.


ता. २५ फेब्रुवारी, मंगळवार

मास्तरांनी प्लॅटफॉर्मवर पेपर मोठ्याने वाचला. इंग्रज जाणार, पुढच्या वर्षी जूनपर्यंत, असं तिकडे पार्लमेंटात सांगितलं. हमाल, टांगेवाले, सगळे गोळा झाले होते. एकजण म्हणाला, मग गाड्या कोण चालवणार? झुलाल म्हणाला, "आत्तालोंग कोन चालाडी राह्यना व्हता?" मोठा हशा झाला.

मी ओला फडका घेऊन पाट्या पुसत होतो. आठ पुसल्या. मग पुन्हा पहिलीपासून पुसल्या.


ता. १ मार्च, शनिवार

यार्डाच्या कडेच्या मारुतीला शनिवारी तेल आणि दिवा — चोवीस साली इथे आलो तेव्हापासूनचा नेम. आजही गेलो. दिवा लावला. हात जोडले. पुढे काही येईना.

मागायचं काय? पोराला सुखी ठेव म्हणायचं, तर त्या विमानात ती विणणारी बाईही आहे. आभार मानावेत, तर कशाचे? माझाच हात होता म्हणतो तो. त्याच हाताने पाणी मारलं होतं.

कायम झाला की यावलहून चालत मनुदेवीला जाईन असं बोललो होतो. तेही आता कोणत्या तोंडाने लांबवायचं की मोडायचं, कळत नाही. वात नीट केली आणि परत आलो.


ता. २ मार्च, रविवार

झुलालला विचारलं. नाव गाव न सांगता. म्हटलं, ड्रायव्हर इंजिनावर झोपला तर काय होतं रे?

"फायरमन उठाडस. फावडानी मूठ अशी बरगडीमा!"

आणि फायरमनही झोपला तर?

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. बिडी विझवली. "मंग देव जागा ऱ्हास, नाना." वर म्हणाला, "पन देवले कितला दिन डबल ड्युटी देवानी?"

मग पाटीवर सात लिहून भिंतीकडे तोंड करून निजला. त्याने ओळखलं असावं.


ता. ६ मार्च, गुरुवार

होळी. पुरणपोळी केली होती. दोन खाल्ल्या. चव विचारली तर सांगता आली नाही. रुपचंदची आई म्हणाली, "तुमले काय व्हयनं? पंधरा दिन व्हयी गया, बोलतस नही."

डोकं दुखतंय म्हणालो.

तिला सांगितलं तर ती त्याला इथेच बांधून ठेवील. मग पुष्पाचं काय, त्याच्या पाचशेचं काय, दहा वर्षं शिकवलं त्याचं काय. आणि नाही सांगितलं तर —

ओळ पुरी करवत नाही.


ता. ११ मार्च, मंगळवार

रुपचंदला पत्र लिहायला बसलो. पहिल्या कागदावर लिहिलं, सोडून ये. फाडलं. वीस दिवस उरलेत. पोराच्या तोंडचा घास आपण काढायचा का? दुसऱ्यावर लिहिलं, साहेबाला स्पष्ट सांग. तेही फाडलं. डिसेंबरात त्याने हेच विचारलं होतं, तेव्हा मी काय सांगितलं ते त्याला पाठ असेल.

तिसरं पाठवलं. "चि. रुपचंद यास अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. अंगाला जपावे."

गावातली शाळा देवळाच्या ओसरीवर भरायची. गुरुजी शुद्धलेखन तपासताना म्हणायचे, तोताराम चुकत नाही, कारण तोताराम काही लिहीतच नाही. वर्ग हसायचा. आज पत्र पेटीत टाकताना आठवलं.


ता. १७

तीन नंबरच्या खाटेची पाटी पडून कोपरा फुटला. साहेबांनी दिलेली. काढून टाकली नाही. लिहायला जागा आहे.


ता. २३ मार्च, रविवार

पाडवा. दाराला गुढी. क्वार्टर्सच्या ओळीत सगळ्यांच्या दाराला.

दुपारी पत्र हाती आलं, पोस्टाच्या शिपायाच्या पोराने आणून दिलं. रुपचंदला तीस आणि एकतीस अशी दोन दिवस सुट्टी आहे. सलग अकरा दिवस उडून झाल्यावरची. तीसला सकाळी येतो म्हणतो. एक एप्रिलला दहा वाजता कचेरीत कायम झाल्याचा कागद हातात मिळायचा आहे.

आणखी एक लिहिलंय. त्याच्या खोलीतला एक सिंधी मुलगा, त्याच्या आधी महिनाभर लागलेला. सहा महिने पुरे व्हायला चार दिवस असताना बहिणीच्या लग्नाला गेला. रजा मंजूर करून गेला. तिथे तार आली, ताबडतोब हजर व्हा. मांडवातून कसा उठणार? दुसऱ्या दिवशी गेला. त्याच्या जागी बाकावरचा एकजण आत बसलेला होता, दोनशे पंच्याहत्तरांवर. "नाना, शेवटच्या आठवड्यात ते मुद्दाम बोलावतात असं सगळे म्हणतात. एक माणूस कायम केला की दोनशे पंचवीस वाढतात ना."

त्याच्या आईला फक्त येण्याची तारीख सांगितली. तिने लगेच शेजारच्या ताईबाईकडे गव्हाचं पीठ मागायला धाव घेतली.


ता. ३० मार्च, रविवार. सकाळ

आला.

प्लॅटफॉर्मवर मी पुढे झालो तेव्हा तो डब्याच्या दारात उभा होता आणि उतरायचं विसरला होता. मी हाताला धरून उतरवलं. अठ्ठावीस वर्षांचा बाप्या, लढाईत विमान चालवलेला. हात थंड होता.

घरी येताना म्हणाला, "शेवटचे तीन दिवस बारा-बारा तास. बुकात सात लिहिलेत."

थोडं पुढे आल्यावर म्हणाला,

"नाना, आता झोप आली की भीती वाटते. डोळे मिटले की वाटतं हातात दांडा आहे आणि मागे माणसं बसलीत."

मी म्हणालो, इथे मागे कोणी नाही.

हे एवढंच मला सुचलं. तो थोडा हसला.

आंघोळ केली, आईच्या हातचं पोटभर जेवला. तिने त्याच्या ताटात तीनदा वाढलं आणि तिन्ही वेळा त्याने मुकाट्याने संपवलं. मग मी रनिंग रूममध्ये जाऊन तीन नंबरची पाटी काढून आणली. कोपरा फुटलेली. सरकारी वस्तू घरी आणली — बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्याच्या खाटेच्या पायथ्याला सुतळीने बांधली आणि खडू त्याच्या हातात दिला.

तो पाटीकडे बघत राहिला. लहानपणी असल्याच एका पाटीवर त्याने बाराखडी गिरवली असेल, रनिंग रूममध्ये माझ्या मागे मागे फिरायचा तेव्हा. मग लिहिलं — सहा. संध्याकाळचे.

"पण नाना, तार आली तर उठवा. पाटीबिटी काही बघू नका. आज आणि उद्या, दोनच दिवस. परवा कागद."

मी हो म्हणालो.

"शप्पथ?"

"मनुदेवीची," असं माझ्या तोंडून गेलं.

आई म्हणाली, "आते झोप रे बापा."

डोकं टेकताच झोपला. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. मी बूट काढले. उंबऱ्यात बसून हे लिहितो आहे. बाहेर लिंबाला मोहर आलाय. उन्हात त्याचा वास येतोय. बऱ्याच दिवसांनी एखादा वास आला.


तीच तारीख. दुपार

सव्वातीनला पोस्टाचा शिपाई फाटकाशी दिसला. मी पुढे जाऊन त्याला अंगणातच थांबवलं. तोंडावर बोट ठेवलं. सही करून तार घेतली. वाचून घ्यायला मास्तरांकडे गेलो नाही. शब्द तेच होते, त्याच जागी. ओळखीचे झालेत.

त्याची आई दारात आली. मी तिला घडी केलेला कागद दाखवला. तिने चुलीवरचं भांडं आवाज न करता उतरवलं आणि खाटेपाशी येऊन बसली.

चार दहाची मुंबईची गाडी आली. थांबली. गेली.

पाटीवर सहा आहेत.